ओळंबा आणि जिप्सीचा पुढचा एक्सल

मार्चमध्ये राजस्थानच्या वाळवंटातली रॅली करून आलेली एक जिप्सी माझ्या शेडमध्ये उभी राहिली. मी बॉनेट उघडलं नाही. पुढच्या मडगार्डवरून ओळंबा सोडला आणि दोरीपासून रिंगेच्या वरच्या काठापर्यंतचं व खालच्या काठापर्यंतचं अंतर मोजलं. एका चाकाचा वरचा काठ 14 मिलिमीटर आत झुकलेला होता. पंधरा इंची रिंगेवर साधारण 7 मिलिमीटर म्हणजे एक अंश, तेव्हा इथे चाक दोन अंश कललं होतं. टायरची आतली कड खाल्लेली होती आणि चाकामागच्या गोळ्यावर तेल आणि ग्रीस पाझरत होतं.

"मामा, एक्सल नवीन टाकूया की," गाडीचा पोरगा म्हणाला.

"टाकूया. आणि पुढच्या मार्चला परत?"

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एकतीस वर्षं मी लोखंड जोडतोय. वडील ऊसवाहतुकीच्या टायरगाड्यांचे आस बनवायचे. दोन चाकांना जोडणारा एकच दांडा, भार मधे आणि टेकू दोन टोकांना, ही रचना मी लहानपणापासून बघत आलो. 1985 साली आलेल्या जिप्सीचा पुढचा एक्सल त्याच जातीचा आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत पुढची चाकं आपापली स्वतंत्र वरखाली होतात, थारचीसुद्धा. जिप्सीत मात्र या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच अखंड नळी जाते आणि तिच्या पोटातून इंजिनाची ताकद चाकांकडे पोचते. 2023 मध्ये भारतात आलेल्या जिम्नीने जिप्सीच्या पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग घेतल्या, पण अखंड एक्सल सोडला नाही. खडकाळ, सावकाश वाटेवर त्याला तोड नाही. एक चाक वर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि दोन्ही जमीन धरून ठेवतात.

वेग वाढला की गोष्ट बदलते. तोच उंचवटा ताशी 40 ऐवजी 80 किलोमीटरने घेतला की चाक दुप्पट वेगाने वर फेकलं जातं, आणि त्या उसळीतली ऊर्जा चौपट होते. टोकांना चाकं नळीला वर ढकलतात, आतल्या बाजूला पाटे तिला खाली दाबून धरतात, आणि नळी मधे झोल खाते. टोकं वर उचलली गेली की चाकांचे माथे आत झुकतात. जिप्सीचा क्राउन-पिनियनचा गोळा मध्यभागी नसतो, तो एका बाजूला असतो. त्यामुळे एक नळी आखूड आणि दुसरी लांब. माझ्या शेडमध्ये आलेल्या बहुतेक गाड्यांची लांब नळीच आधी वाकलेली असते.

लोक पहिला विचार करतात तो जाड नळीचा, किंवा नळीच्या आत दुसरी नळी ठोकण्याचा. त्याने थोडा फरक पडतो, फार नाही. शाळेतली लाकडी पट्टी घ्या, 30 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड. आडवी धरून वाकवा, सहज वाकेल. आता तीच पट्टी उभी धरून वाकवून बघा. लाकूड तेवढंच, पण उभ्या पट्टीचा ताठपणा शंभर पट. लोखंडाचंही असंच आहे. ते मध्यरेषेपासून जितकं दूर, तितकं जास्त काम करतं, आणि आत ठोकलेली नळी तर मध्यरेषेच्या जवळच असते. म्हणून आम्ही नळीच्या पाठीवर 4 मिलिमीटर पत्र्याचा पूल उभा करतो, त्याला ट्रस म्हणतात. माझा ट्रस सात किलोच्या आत बसतो. आठवा किलो मी घालत नाही, कारण एक्सलचं वजन स्प्रिंगच्या खालचं वजन आहे. ते जितकं वाढेल तितकं शॉकअबसॉर्बरला आवरणं अवघड, आणि चाक जमिनीवरून जास्त वेळ सुटतं.

ट्रस किती उंच करायचा? वर इंजिनाची तेलाची टाकी असते. पाटे पूर्ण दबले की एक्सल तिच्या अगदी जवळ जातो. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून आणलेला शाडूचा गोळा मी एक्सलवर ठेवतो, गाडी पूर्ण दाबून घेतो आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजतो. तिच्यातून 15 मिलिमीटर वजा करतो, उरेल तेवढीच ट्रसची उंची. नकाशावर काढलेल्या मापापेक्षा माझा या शाडूवर जास्त विश्वास आहे. पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टांच्या जागा मोकळ्या सोडायच्या. टोकाला, नळी जिथे चाकाच्या गोळ्याला जोडलेली असते, तिथे त्रिकोणी गसेट द्यायचे. मधला भाग ताठ केला की सगळा ताण पळून याच सांध्यावर येतो.

आता वेल्डिंग. यात मी एकदा फसलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. पहिला ट्रस मी एका दुपारी सलग वेल्ड केला. वेल्ड सुंदर दिसत होता. संध्याकाळी गार झाल्यावर सरळ दांडा लावला तर दोन्ही टोकं वर उचललेली. वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं, आणि सगळं वेल्डिंग नळीच्या पाठीवर होतं, त्यामुळे पाठ आखूड झाली. म्हणजे वाळवंटातल्या दणक्यांनी एक्सल ज्या दिशेने वाकतो, त्याच दिशेने मी माझ्या हाताने वाकवला होता. पोटाच्या बाजूला ठिकठिकाणी लालबुंद तापवून, गार होऊ देऊन तो सरळ करायला पुढचे दोन दिवस गेले.

तेव्हापासून एक्सल आधी जाड आय-बीमला करकचून बांधतो. मग ट्रस जागेवर धरून राहील इतके बारीक वेल्डचे ठोके मारून घेतो. नंतर दोन-अडीच इंचांचा टाका डावीकडे, पुढचा उजवीकडे, त्यानंतरचा मधे. हात लावता येईल इतकी नळी गार झाल्याशिवाय त्याच बाजूला परत जायचं नाही. अख्खा दिवस जातो. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला मी हे काम करून देत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम असतं, ते बहुतेक जण शेवटी करतात. एक्सल वाकतो तो प्रत्येक दणक्याने नाही. पाटे तळापर्यंत दबून लोखंडावर लोखंड आदळतं, त्या दणक्याने तो वाकतो. त्या पोराच्या गाडीचे रबरी बम्पस्टॉप दगडासारखे कडक होऊन तडकले होते आणि शॉकअबसॉर्बरमध्ये जीव उरला नव्हता. चाळीस रुपयांच्या रबरासारखं दिसणारं ते काळं बोंड एक्सलचा खरा राखणदार आहे. त्या गाडीला आम्ही उंच, मऊ आणि हळूहळू कडक होत जाणारे स्टॉप बसवले, लांब हालचालीचे शॉक बसवले, मगच ट्रसला हात लावला. चाकाच्या गोळ्यातली किंगपिन बेअरिंगही बदलली. ती ढिली असली की ठराविक वेगाला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थरथरू लागतं, आणि नट कितीही आवळले तरी थांबत नाही.

कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत 2007 पासून 'किंग ऑफ द हॅमर्स' शर्यत होते. एकाच दिवसात कोरड्या तळ्यावरचा भन्नाट वेग आणि मोठाल्या खडकांवरची चढाई. तिथे अखंड एक्सलच्या गाड्या आजही धावतात, आणि त्यांच्या एक्सलवर हाच पाठीवरचा पूल दिसतो, फक्त कितीतरी दांडगा. लोखंडाचा धर्म इथे आणि तिथे एकच.

ती जिप्सी ऑगस्टमध्ये कच्च्या रस्त्यावर चारशे किलोमीटर पळवून पोरगा परत घेऊन आला. ओळंबा लावला. दोन्ही बाजूंना फरक एका मिलिमीटरच्या आत होता.

तुमच्याकडे जिप्सी किंवा जिम्नी असेल आणि ती कच्च्या रस्त्यावर जोरात पळवत असाल, तर सपाट फरशीवर उभी करून आजच ओळंबा लावा. वरचा आणि खालचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक मोठ्या दौडीनंतर पुन्हा मोजा. मिस्त्रीकडे जाताना ती वही सोबत न्या.