बॅटरी विकत की भाड्याने?

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. तेव्हा चुकाबिका पोटात घाला!

दिवाळीच्या सुट्टीत इंदापूरला मामांकडे गेले होते. मामा अ‍ॅपे रिक्षा चालवतात. डिझेलच्या खर्चाला कंटाळून आता इलेक्ट्रिक घ्यायची म्हणतायत. मला म्हणाले, "तू इंजिनीअर होणार ना? मग सांग, बॅटरी इकत घ्यायची का भाड्यानं?" मी गप्प! हा हिशोब सिलॅबसमध्ये नव्हता. हॉस्टेलवर येऊन शोधाशोध केली, ती तुमच्यापुढे मांडते.

पहिलं उदाहरण आपल्या शेजारचंच निघालं. बारामती एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. या कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये 'अ‍ॅपे ई-सिटी' आणली, किंमत १.९७ लाख. संपलेली बॅटरी सन मोबिलिटीच्या स्टेशनवर द्यायची, चार्ज केलेली घ्यायची आणि तेवढ्याचे पैसे भरायचे, म्हणजेच स्वॅपिंग. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'ई-सिटी एफएक्स' आली. तिच्यात बॅटरी कायमची बसवलेली, किंमत २.८३ लाख. फरक सुमारे ८६ हजार, आणि त्याचं मुख्य कारण बॅटरी! मधल्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, केंद्र सरकारने बॅटरीशिवाय गाडी विकायला आणि रजिस्टर करायला मुभा दिली होती.

कारचं गणित तर आणखी सोपं आहे. २०२४ मध्ये एमजी विंडसर आली तेव्हा बॅटरीसकट किंमत १३.५० लाख होती. बॅटरी भाड्याने घेतली तर ९.९९ लाख, वर दर किलोमीटरला साडेतीन रुपये. चार्जिंगचा खर्च वेगळा. म्हणजे सुरुवातीला वाचले ३.५१ लाख. त्याला साडेतीनने भागा. व्याज बाजूला ठेवलं तर उत्तर येतं सुमारे १ लाख किलोमीटर. त्याच्या आत भाडं स्वस्त, पुढे विकत स्वस्त. ट्रॅक्टरसारखंच हे. दोन एकरवाला नांगरट भाड्याने करून घेतो, वीस एकरवाला ट्रॅक्टरच घेतो.

समजा आपले एखादे सर दर रविवारी बारामतीहून पुण्याला जाऊन येतात. वर्षाला साधारण १० हजार किलोमीटर झाले. लाख गाठायला दहा वर्षं! भाडं परवडलं. पण करारात 'महिन्याला किमान १५०० किलोमीटरचे पैसे' अशी अट असेल तर? गाडी उभी असली तरी महिना ५,२५० रुपये, वर्षाला ६३ हजार. वाचलेले ३.५१ लाख साडेपाच वर्षांतच संपले. म्हणून करारातला बारीक टाइप आधी वाचा.

मग भाडं कशाचं देतो आपण? धास्तीचं! बॅटरीची कपॅसिटी वापराने आणि उन्हाने हळूहळू उतरते. भाड्याच्या बॅटरीत ती काळजी मालकाची, विकतच्यात आपली.

मामांना फोन केला. "मामा, तुमच्या रोजच्या वाटेवर स्वॅपिंगचं स्टेशन आहे का?" "न्हाई." "रोज किती चालते?" "ऐंशी किलोमीटर." म्हटलं, मग विकतच घ्या, वॉरंटी लेखी घ्या. एफएक्स आली तेव्हा ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर होती. आणि रोज शंभर रुपये बाजूला टाका. वर्षाला तीनशे दिवस धरले तरी तीन वर्षांत ९० हजार होतात, नव्या बॅटरीला मोठा हातभार.

मामा हसले, "म्हंजे भाडं द्यायचंच, पण सोताला?"

अगदी बरोबर! मला चार पानं लागली, त्यांनी एका वाक्यात सांगितलं.