सिनेमाचं म्हणणं कुठे शोधायचं?

सिनेमा पाहून बाहेर पडताना ‘यातून काय घ्यायचं?’ हा प्रश्न हमखास निघतो. गोष्टीखाली छापलेल्या तात्पर्यावर वाढलेल्या आपल्या मनाला एका वाक्यातला बोध हवा असतो. ही अपेक्षा गैर नाही, पण बोध शोधायची जागा बहुधा चुकते. आपण तो पात्रांच्या तोंडच्या वाक्यांत शोधतो. कोण काय करतं आणि त्याची झळ कोणाला बसते, यातून सिनेमा आपलं खरं म्हणणं मांडत असतो.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) घ्या. कैकाडी समाजातल्या जब्या या शाळकरी पोराचा वर्गातल्या शालूवर जीव जडतो, हा झाला विषय. आशयसूत्र त्याहून खोल आहे: डुकरं धरायचं काम जिथे जन्मानंच वाट्याला येतं, तिथे माणूस म्हणून ताठ उभं राहायला काय लागतं? हा प्रश्न सिनेमात कुणी बोलून दाखवत नाही. शाळेजवळ जब्याचं कुटुंब डुकरामागे धावत असतं आणि गावकरी बघत हसत असतात. ते हाती लागणार, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. पुढे मारलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं दिसतात. राष्ट्रगीताचा मान राखणाऱ्या या घराचा मान मात्र गाव राखत नाही, हे एकही शब्द न उच्चारता कळतं. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. ‘जातिभेद वाईट’ या वाक्याला मान डोलावून घरी जाता येतं. त्या दगडानंतर, हसणाऱ्या बघ्यांत आपणही होतो का, हे स्वतःला विचारावंच लागतं.

यावर कुणी म्हणेल, की आपला सिनेमा उघड उपदेश करूनही मोठा झालाच की. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध ठणकावून बोलतो, आणि त्यातली समाजसेविका सुशीला तरुण नायिका नीरा हिची बाजू स्पष्ट शब्दांत घेते. हे खरंच आहे. पण त्या शब्दांना बळ येतं ते नीरेच्या निश्चयी नकारामुळे, आणि तिचे वृद्ध पती काकासाहेब यांना निव्वळ खलनायक न करता त्यांची घुसमट व पश्चात्ताप दाखवल्यामुळे. पार्श्वसंगीत टाळून घरातल्या साध्या आवाजांतून या दोघांमधला ताण उभा केला आहे. उपदेश कथेतून सिद्ध झाला तर पटतो. वरून चिकटवला तर खटकतो.

मग ज्यानं त्यानं हवा तो अर्थ लावावा का? तसंही नाही. अर्थाला पडद्यावरचा पुरावा लागतो. ‘फँड्री’ ही फक्त कोवळी प्रेमकथा आहे असं म्हणणाऱ्याला भिंतीवरच्या चित्रांचा आणि त्या दगडाचा उलगडा करता येत नाही, म्हणून तो अर्थ तोकडा पडतो. पुढचा सिनेमा पाहाल तेव्हा एवढंच विचारा: निर्णय कोणी घेतला, तो कोणाला भोवला, आणि शेवटी दिग्दर्शकानं आपल्याला कोणाच्या बाजूला उभं केलं? मुलांबरोबर पाहत असाल, तर तात्पर्य सांगायची घाई करू नका. हेच प्रश्न त्यांना विचारा आणि त्यांची उत्तरं ऐका.