पाच किलोच्या टाकीत साडेसहा किलो मावतात, म्हणूनच धोका

५ किलोच्या लहान गॅस सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर सुमारे १२ लिटर मावतं. द्रवरूप एलपीजीचं वजन लिटरमागे साधारण ५४० ग्रॅम. म्हणजे ही टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात साडेसहा किलो गॅस जाईल. तरीही बॉटलिंग प्लांटमध्ये ती पाच किलोवर थांबवतात. पाच किलो गॅसला सव्वानऊ लिटर जागा लागते. उरलेली पावणेतीन लिटर मुद्दाम मोकळी सोडलेली असते. घरगुती मोठ्या सिलिंडरचा हिशेबही असाच आहे. त्याची क्षमता ३३.३ लिटर, आणि त्यात भरायचा गॅस १४.२ किलो. तिथेही वरचा पाचवा हिस्सा रिकामाच असतो.

ही मोकळी जागा का हवी? द्रव एलपीजी तापला की दर अंशाला सुमारे पाव टक्का फुगतो, पाण्याच्या जवळपास दहा पट. समजा, पहाटे २० अंश तापमानात कुणी पाच किलोच्या टाकीत ६.२ किलो गॅस भरला. त्याचे साडेअकरा लिटर होतात. टाकीत अजून अर्धा लिटर जागा आहे, वरून काहीच कळत नाही. तीच टाकी दुपारी पत्र्याच्या खोलीत ४५ अंशांपर्यंत तापली की आतला द्रव १२.२ लिटरचा होऊ पाहतो. बारा लिटरच्या पोलादी भांड्यात तो मावत नाही. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे यापुढच्या प्रत्येक अंशाला दाब कित्येक बारने चढतो. प्रमाणित सिलिंडरची चाचणी चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलो दाबावर घेतलेली असते. बाजारात मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या टाक्यांची तेवढीही खात्री कुणी दिलेली नसते.

सव्वा किलोची चूक एवढं सगळं घडवते. आणि मोठ्या टाकीतला गॅस घरात लहान टाकीत भरून विकणाऱ्याकडे ती चूक पकडायला काही नसतं. प्लांटमध्ये रिकाम्या टाकीचं वजन आधी होतं, भरताना काटा चालू असतो, नंतर गळती तपासली जाते. गल्लीतल्या खोलीत मोठी टाकी उलटी धरून पितळी नोझलमधून लहान टाकी भरतात आणि हाताला लागणाऱ्या वजनावरून, आवाजावरून अंदाज बांधतात. टाकी जितकी लहान, तितका अंदाजातला तोच फरक अधिक घातक. दीड किलो जादा गॅस १४.२ किलोच्या टाकीत गेला तरी ती द्रवाने पूर्ण भरत नाही. पाच किलोच्या टाकीत मात्र जागाच उरत नाही.

माझ्या मते याहून मोठा धोका टाकीच्या बाहेर आहे. दोन्ही टाक्यांमधला दाब सारखा झाला की गॅस पुढे सरकत नाही, म्हणून लहान टाकीतली वाफ खोलीत सोडून देण्याची पद्धत आहे. एक किलो एलपीजीची वाफ सुमारे ४५० लिटर होते. हवेत या वाफेचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोचलं की ठिणगीची वाट असते. दहा बाय दहा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली साधारण २५ घनमीटर भरते. म्हणजे एक किलो गॅस सारखा पसरला तर अख्खी खोली पेट घेऊ शकते. पण तो सारखा पसरत नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो. खालच्या एका फुटापुरताच हिशेब केला तर ११० ग्रॅम पुरतात. वर असलेली खिडकी उघडी ठेवून भागत नाही ते याचमुळे, आणि खाली ठेवलेल्या फ्रिजच्या मोटारीची ठिणगीही भोवते.

मग माणसं हे का करतात? इथे पैशाचा हिशेब मांडावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर ८५२.५० रुपयांना होता, किलोला ६० रुपये. १९ किलोचा व्यावसायिक १५३१.५० रुपयांना, किलोला सुमारे ८० रुपये ६० पैसे. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के, व्यावसायिकवर १८. घरगुती टाकी फोडून व्यावसायिक भावाने विकली तरी टाकीमागे २९० रुपयांच्या आसपास सुटतात. म्हणून हा उद्योग खोलीपुरता राहत नाही. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री पिंपरी-चिंचवडमधल्या ताथवडे इथे टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना लागोपाठ स्फोट झाले आणि जवळ उभ्या शाळेच्या बस जळाल्या.

घेणाऱ्याची बाजू वेगळी आहे. भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर किंवा विद्यार्थी एका वेळी आठ-नऊशे रुपये काढू शकत नाही, आणि कनेक्शनसाठी लागणारा पत्त्याचा पुरावा त्याच्याकडे नसतो. त्याला दोन किलो गॅस आजच्या आज हवा असतो. त्याला गुन्हेगार ठरवून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ७ मध्ये तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे; ती गॅस फोडून विकणाऱ्यावर कठोरपणे लागू व्हावी.

अमेरिकेत याच प्रश्नाचा चेहरा निराळा दिसतो. तिथे सहलीला नेतात ती प्रोपेनची हिरवी टाकी ४६५ ग्रॅमची आणि एकदाच वापरायची. ती पुन्हा भरून वाहून नेल्यास पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद, असं टाकीवरच छापलेलं असतं. तरी लोक घरी भरतात, कारण टाकीतल्या गॅसपेक्षा टाकीचेच पैसे जास्त पडतात. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला: १ जानेवारी २०२८ पासून एकदाच वापरायच्या या टाक्या विकता येणार नाहीत, पुन्हा भरता येणाऱ्याच विकायच्या.

आपल्याकडे पुन्हा भरता येणारी, प्रमाणित लहान टाकी २०१३ पासून आहे. पाच किलोचा हा सिलिंडर इंडियन ऑइल ‘छोटू’ या नावाने विकते. ओळखपत्र पुरतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही, काही पेट्रोल पंपांवरही तो मिळतो आणि रिकामा देऊन भरलेला घेता येतो. उज्ज्वला योजनेच्या २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्राची सोय झाली. अडचण दराची आहे: छोटू बाजारभावाने मिळतो, घरगुती दराने नाही. सर्वांत कमी ऐपतीच्या ग्राहकाने किलोला सर्वांत जास्त मोजायचं, ही रचना बदलायला हवी. पाच किलोला घरगुती दर आणि घरगुती जीएसटी लावला, आणि नाक्यावरच्या किराणा दुकानात टाकी बदलून मिळू लागली, तर नोझलवाल्याकडे जाण्याचं कारणच कमी होईल. तोवर टाकी घेताना कड्यावर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन वाचावं, त्यात पाच किलो मिळवून काट्यावर पडताळावं. गळतीचा वास आला तर विजेचं बटण चालू-बंद न करता बाहेर पडून १९०६ या क्रमांकावर फोन करावा.