गोड्या पाण्यातला समुद्र : पोवळं नको, काळा दगड चालेल

माशांच्या टाकीतल्या दिव्यांबद्दल या आठवड्यात लिहिणार होतो, ते पुढच्या खेपेला. वाळूचा लेख वाचून रत्नागिरीच्या एका ताईंनी विचारलंय, की वडिलांच्या वेळचं पांढरंशुभ्र पोवळं माळ्यावर पडून आहे, ते टाकीत मधोमध ठेवलं तर समुद्राचा देखावा आयता मिळणार नाही का?

मिळेल, पण ठेवू नका. कायद्याचं आधी. २००१ पासून खडक बांधणारी सगळी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. जिवंत असो की वाळलेलं, त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. घरातल्या जुन्या तुकड्याचं काय करायचं ते वन खात्यालाच विचारा.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर बदलत नाही. आपल्या टाकीत राहणार आहेत म्बुना, मलावी सरोवराच्या खडकाळ काठावरचे सिक्लिड मासे. यांची दिवसभर एकमेकांच्या मागे धावाधाव चालते. पळणारा मासा फांदीदार पोवळ्यात घुसला की खवले निघतात, कधी डोळाही जातो. शिवाय पांढरं पोवळं पांढरं राहत नाही. काही आठवड्यांत त्यावर तपकिरी-हिरवं शेवाळ चढतं, आणि त्या बेचक्यांत ब्रश शिरत नाही.

मुळात मलावीत पोवळी नाहीतच. तिथे आहेत गोल, अजस्र शिळा, वर शेवाळाचा थर आणि तो खरवडणारे निळे-पिवळे मासे. तरीही तिथला फोटो पाहणारा फसतो, कारण नितळ पाणी आणि माशांची गर्दी. तेव्हा समुद्राचा भास माशांवर सोपवा, दगडाने फक्त पडद्याचं काम करावं.

आणि दगडासाठी महाराष्ट्राला कुठे जायला नको! आपला काळा पाषाण, बसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही. त्यात पांढरे डाग दिसले तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे पीएच चढवणारा. दुसऱ्या टाकीत मी तो दगड बाजूला काढला असता, इथे मुळीच नाही, कारण मलावीचं पाणी अल्कधर्मी, साधारण ७.७ ते ८.६ पीएचचं. फक्त बसाल्टच्या भरवशावर हा आकडा टिकत नाही. मुंबईसारखं मऊ पाणी असेल तर फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा हवाच. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात तो 'शेल ग्रिट' म्हणून मिळतो. धुऊन घ्या.

काळ्या दगडापुढे इलेक्ट्रिक यलो हा म्बुना जसा उठतो तसा पांढऱ्यापुढे उठत नाही, हा माझा हट्ट समजा. या माशाची गंमत म्हणजे त्याची सगळीच वस्ती पिवळी नाही. सरोवरातल्या न्खाता बेजवळचे पांढुरके असतात. दुकानातला पिवळा वाण न्खाता बेच्या उत्तरेच्या किनाऱ्यावरचा.

रचताना एकच पथ्य. दगड थेट तळाच्या काचेवर, खाली प्लॅस्टिकची जाळी किंवा पातळ फोम घालून, आणि वाळू त्यानंतर. म्बुना खणतात. वाळूवर उभा केलेला ढीग त्यांनी पोखरला, तर दहा किलोचा दगड काचेवरच येतो.