भाव चुकला त्यांचा, भुर्दंड कुणाला?

(रेडिओ भाषणाचा संपादित अंश)

भोर तालुक्यातलं आंबवडे हे माझ्या बहिणीचं सासर. नागेश्वराचं जुनं देऊळ आणि संस्थानकाळातला झुलता पूल यांमुळे हे गाव पुष्कळांना ठाऊक असेल. आता तिथेही कुरिअरवाला येतो. मोबाइलवर बोट टेकवलं की वस्तू दारात, हे गावाला सवयीचं झालं आहे.

दिवाळीच्या सुमारास माझ्या भाच्याचा फोन आला. दोन गायी आहेत, भाताची झोडणी झाली की पेंढा बारीक करायला कडबाकुट्टी हवी होती. भोरच्या दुकानदाराशी १६,५०० रुपयांना बोलणं झालं होतं, हजार रुपये विसारही दिला होता. तेवढ्यात एका संकेतस्थळावर तशीच मशीन सणाच्या सवलतीत ११,९०० रुपयांना दिसली. त्याने विसार परत घेतला, ऑनलाइन पैसे भरले. 'ऑर्डर निश्चित झाली' असा संदेशही आला. पाचव्या दिवशी दुसरा संदेश : 'किमतीतील तांत्रिक चुकीमुळे आपली ऑर्डर रद्द करण्यात येत आहे.' पैसे नवव्या दिवशी परत आले. तोवर भोरच्या दुकानातली सवलत संपली होती. मशीन १८,००० ला घ्यावी लागली.

"मामा, पैसे परत दिले म्हणजे त्यांचं काम संपलं का?" त्याने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. म्हणून जरा सविस्तर बोलू.

बाजारात विसार घेतला की भाव फिरवायचा नाही, ही आपली जुनी रीत. कायद्याचा विचारही याच वाटेने जातो. दुकानात लावलेली भावाची पाटी म्हणजे करार नव्हे, ते गिऱ्हाइकाला दिलेलं बोलावणं असतं. ग्राहक 'मला हवी' म्हणतो तो प्रस्ताव, आणि विक्रेता 'दिली' म्हणतो तेव्हा करार होतो. ऑनलाइन खरेदीत 'दिली' हा शब्द नेमका कधी उच्चारला जातो, यावरच वाद होतो. बऱ्याच कंपन्या आपल्या अटींत लिहून ठेवतात की, ऑर्डरचा संदेश ही नुसती पोच आहे, माल रवाना झाला म्हणजेच आम्ही प्रस्ताव स्वीकारला. पैसे घेतल्यावर आणि 'निश्चित' म्हटल्यावर ही अट पुढे करणं कितपत योग्य, हे ग्राहक आयोग त्या त्या प्रकरणात तपासू शकतो.

आता चुकीचं काय? १८७२ चा आपला करार कायदा सांगतो की, महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल दोन्ही पक्षांची चूक झाली असेल तर करार रद्दबातल ठरतो. पण चूक एकाच पक्षाची असेल, तर केवळ तेवढ्या कारणाने त्याला अंग काढून घेता येत नाही. म्हणजे 'आमच्या माणसाने आकडा चुकीचा टाकला' एवढं म्हणून भागत नाही.

मात्र समोरच्याची चूक स्पष्ट दिसत असताना तिचा फायदा उठवणाऱ्याला न्यायालय साथ देईलच असं नाही. २००३ साली सिंगापूरमध्ये ३,८५४ डॉलरचा प्रिंटर एका संकेतस्थळावर चुकून ६६ डॉलरला लागला. सहा जणांनी मिळून सोळाशेहून अधिक प्रिंटर मागवले. तिथल्या न्यायालयाने त्यांना एकही प्रिंटर मिळू दिला नाही. किंमत चुकली आहे हे त्यांना कळलं होतं, हेच त्यांच्या अंगाशी आलं. २००५ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला.

आपल्याकडचं ओडिशातलं प्रकरण वेगळ्या वळणाने गेलं. २०१४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याने ॲमेझॉनवर १९० रुपयांना दाखवलेला लॅपटॉप मागवला. त्याची मूळ किंमत होती २३,४९९ रुपये. ऑर्डर निश्चित झाली आणि थोड्याच वेळात किमतीचं कारण सांगून रद्दही झाली. अभ्यासासाठी त्याला दुसरा लॅपटॉप विकत घ्यावा लागला. प्रकरण जिल्हा मंचातून राज्य आयोगापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये आयोगाने त्याला खर्चासह एकूण ४५,००० रुपये द्यायला सांगितलं. त्याला भरपाई मिळाली, १९० रुपयांत लॅपटॉप नव्हे. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

माझ्या भाच्याची बाजू तर याहून सरळ होती. साडेसोळा हजारांची वस्तू ११,९०० ला दिसली, तीही दिवाळीत. सवलतीच्या जाहिरातींचा पाऊस पडत असताना हा भाव खरा मानणाऱ्याला लबाड कसं म्हणणार?

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सवलतीच्या भावाची जाहिरात करायची आणि त्या भावाने वस्तू विकण्याचा मुळात इरादाच ठेवायचा नाही, याला हा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्यावर कंपनीला दंड आकारायचा असेल, तर तिने स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर तसाच भार तिनेही सोसला पाहिजे, असं त्यांत म्हटलं आहे. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, हेही त्यांतच आहे.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, पुरावा. भाव दिसतो त्या पानाचं, ऑर्डर निश्चित झाल्याच्या आणि रद्द झाल्याच्या संदेशांचं चित्र मोबाइलवर जपून ठेवा. तीच वस्तू नंतर वाढीव भावाने विकायला असेल, तर त्या पानाचंही ठेवा. दुसरी गोष्ट, नुकसान आकड्यात मांडा. 'मला फसवलं' यापेक्षा 'दुसरीकडे घेताना इतके जास्त मोजावे लागले, ही पावती' हे वाक्य वजनदार असतं. तिसरी, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

एवढ्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय नव्या कायद्याने दिली आहे. आंबवड्याच्या माणसासाठी तो आयोग पुण्यात. तक्रार इंटरनेटवरून दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

याच पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा वेगळा कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. एकेकट्या ग्राहकाची कुरकुर विरून जाते, पण लेखी आणि एकत्रित तक्रारीची दखल घ्यावी लागते, हा त्या चळवळीचा धडा आजही जुना झालेला नाही.

भाच्याने पावत्या जोडून तक्रार केली. कंपनीचं पहिलं उत्तर आलं ते ठरावीक, दिलगिरीचं. मग त्याने १९१५ ला फोन केला. तीन आठवड्यांनी कंपनीने दुकानातल्या दोन भावांमधला फरक, म्हणजे दीड हजार रुपये, त्याच्या खात्यात जमा केले. मशीन ११,९०० ला मिळाली नाही. तो म्हणाला, "मामा, त्यांची चूक त्यांच्याकडे राहिली, एवढं झालं."

एवढंच व्हायला हवं असतं. आकडा टाकताना चूक कुणाचीही होऊ शकते. ती दुरुस्त करायलाही हरकत नाही. पण चूक ज्याची, तिचा खर्चही त्याचाच. दीड हजारासाठी कोण भांडत बसणार, असं म्हणून आपण गप्प बसतो, तेव्हा तो खर्च आपण होऊन आपल्या नावावर लिहून घेतो.