मुखवट्याआडचा मेंदू

बेसबॉलमधला ‘कॅचर’ म्हणजे आपल्या विकेटकीपरचा चुलतभाऊ. फक्त तो फलंदाजाच्या अगदी पाठीमागे उकिडवा बसतो आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येणारे चेंडू झेलतो. चेंडूने बॅटची कड घेतली, तर तो थेट त्याच्या मुखवट्यावर.

अमेरिकेचा डेव्हिड रॉस 2002 ते 2016 या काळात सात संघांकडून खेळला, बहुतेक वेळा राखीव कॅचर म्हणून. अशा खेळाडूला ‘डोकं दुखतंय’ म्हणणं परवडत नाही. जागा गेली की गेली! 2013 मध्ये बोस्टनकडून खेळताना मे महिन्यात त्याला असाच फटका बसला. तो परतला आणि जूनमध्ये पुन्हा तेच. या वेळी मात्र दोन महिने मैदानाबाहेर.

मुखवटा नाक, दात, जबडा वाचवतो. कवटीतला मेंदू मात्र हादरतोच. पेशींमधले क्षार आतबाहेर होतात, ऊर्जेची गरज वाढते, पण पुरवठा तेवढा होत नाही. यालाच ‘कन्कशन’ म्हणतात. डोकेदुखी, गरगरणं, उजेड नकोसा होणं, चिडचिड, कामात लक्ष न लागणं ही त्याची लक्षणं. रक्तस्राव नसल्याने सीटी स्कॅन बहुधा नॉर्मल येतो. आमच्याकडे दुचाकीवरून पडलेल्या मुलाचे वडील तोच रिपोर्ट दाखवून विचारतात, ‘मग सोमवारपासून कामावर पाठवू ना?’ रिपोर्ट खोटा नसतो, पण तो या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर त्रास लांबतो; लहान वयात क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते. म्हणून एक-दोन दिवस विश्रांती, मग चालण्यापासून हळूहळू सुरुवात. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला आता कोणी देत नाही. वारंवार उलट्या, फिट, वाढती गुंगी असेल तर मात्र तडक रुग्णालय गाठा.

अमेरिकेच्या मुख्य लीगने 2011 मध्ये कन्कशनसाठी सात दिवसांची वेगळी यादी केली. त्याआधी किमान पंधरा दिवस बाहेर बसावं लागे, त्यामुळे दुखणं लपवण्याचा मोह मोठा.

रॉस ऑगस्टमध्ये परतला. 2016 च्या अंतिम मालिकेतला सातवा सामना हा त्याचा शेवटचा, वय 39. त्यातही जमिनीवर आपटून उसळलेला चेंडू त्याच्या मुखवट्यावर आदळला, तो कोलमडला, दोन धावा गेल्या. पुढच्याच डावात त्याने होमरन मारला. त्याच्या शिकागो कब्जने 108 वर्षांनी विजेतेपद मिळवलं.