दरवाजे आपोआप उघडतात!

सलग तीन वीकएन्ड लॅपटॉपसमोर गेले. चौथ्या शनिवारी मात्र आम्ही चौघी पुण्याहून थेट राधानगरीला सुटलो. तेही ऐन पावसात! दाजीपूरचं अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, हे आधीच सांगते. आम्हाला बघायचं होतं ते धरण.

राजर्षी शाहू महाराजांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी भोगावतीवर बांधायला घेतलेलं. गावाला नाव दिलं लेकीचं, राधाबाईंचं. आणि धरणाचे सात दरवाजे म्हणजे कमालच! वीज नाही, बटण नाही. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात.

आमच्यासमोरच एक उघडला. पांढरंशुभ्र पाणी कोसळलं. आम्ही शिट्ट्या मारल्या, फोटोंचा सपाटा लावला. टपरीवरच्या मावशी मात्र फोनवर होत्या. ‘‘दार उघडलं बघ. जनावरं आजच वर हलीव.’’

त्यांचं माहेर प्रयाग चिखली. भोगावती तिथं इतर नद्यांना मिळते आणि पंचगंगा होऊन कोल्हापूरकडे जाते. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत गावात पाणी शिरलं होतं.

पुढची शिट्टी ओठांतच राहिली. मावशी हसल्या, ‘‘बघा की पोरींनो! धरण भरलं तरच ऊस पिकतोय.’’

तुम्हीही जा. कोल्हापूरपासून साधारण ५५ किलोमीटर. पण निघण्याआधी पंचगंगेची पातळी तेवढी विचारा. पूर असेल, तर बेत पुढे ढकला. धरण हिवाळ्यातही तिथंच असतं, आणि नशीब असेल तर तेव्हा गवेही दिसतात.